आधी कुर्ता उलटा करून बघा: घरच्या शिवणाला ओव्हरलॉक मशीन लागते का?

शिवण शिकायला लागून चार-सहा महिने झाले, की हा दिवस येतोच. कुर्ता बाहेरून छान जमलेला असतो, गळाही बसलेला असतो, आणि पहिल्या धुण्यातून निघतो तेव्हा आतून दोऱ्यांचं जंजाळ लोंबत असतं. मग आपण दुकानातून आणलेला कुर्ता उलटा करून बघतो. त्याच्या कडा वेणी घातल्यासारख्या बंद! तिथेच मनात भरतं, की ती कडा बंद करणारी मशीन, म्हणजेच ओव्हरलॉक, आपल्याकडे हवी.

माझं हे इंदूरला, लोकमान्य नगरातल्या घरी झालं. त्यानंतर मशीन घ्यायला मी पावणेदोन वर्षं लावली. घरचे कंजूस म्हणाले. पण त्या पावणेदोन वर्षांत जे कळलं ते कुठल्याही दुकानदारानं सांगितलं नसतं, तेच इथे लिहिते. आठ पायऱ्या आहेत. पहिल्या पाचांत एक रुपयाची मशीन घ्यायची नाही, आणि बऱ्याच जणींचं काम पाचवीवरच संपेल.

पायरी १: कपाटातले तीन कपडे उलटे करा

एक रेडिमेड टी-शर्ट, एक शिंप्यानं शिवलेला कुर्ता आणि एक साडीवरचा ब्लाउज घ्या. तिन्ही उलटे करून खिडकीशी बसा.

टी-शर्टच्या बाजूची शिवण बघा. तिथे वेगळी टीप नाही. जोडणं आणि कडा झाकणं एकाच फटक्यात झालंय, आणि शिवणीबाहेर जेमतेम पाऊण सेंटीमीटर कापड उरलंय. ती शिवण दोन्ही हातांनी ताणा. कापडाबरोबर ताणली जाते, तुटत नाही. साधी सरळ टीप असती तर कटकट करत दोरा तुटला असता. आता त्याच टी-शर्टचा खालचा घेर बघा. बाहेरून दोन समांतर टिपा, आतून जाळी. हे काम वेगळ्या मशीनचं आहे. होजिअरीवाले तिला फ्लॅटलॉक म्हणतात. ओव्हरलॉक घेतली की टी-शर्टचा घेर पण दुमडता येईल, असं समजून पैसे घालणाऱ्या दोघी मला माहीत आहेत.

कुर्त्यात जोडणारी टीप वेगळी, आणि कडेवरची तीन दोऱ्यांची जाळी वेगळी.

ब्लाउज सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्या कुशीत इंच-दीड इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड, सोडलेली असेल, आणि त्या मायेत एकीशेजारी एक दोन-तीन टिपा. अंग भरलं की बाहेरची ठेवून आतली टीप उसवायची. आपल्या घरांत एक ब्लाउज दहा वर्षं चालतो तो या मायेवर.

ओव्हरलॉक मशीन नेमकी या मायेची वैरीण आहे. तिला बॉबिन नसते. साध्या मशीनमध्ये वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. इथे खालून लूपर नावाचे दोन वाकडे हात येतात, सुईच्या दोऱ्याला आणि एकमेकांना फास घालत काठाभोवती दोरा गुंडाळत जातात. आणि सुईच्या जरा आधी एक सुरी असते. पुढे आलेलं कापड ती छाटते, छाटलेली कडा लगेच गुंडाळली जाते. म्हणून काम इतकं सुबक दिसतं. १८८१ साली अमेरिकेत कनेक्टिकटच्या मेरो कुटुंबाच्या विणाईच्या गिरणीत या जातीची पहिली मशीन तयार झाली. ती कारखान्याची सोय होती. कारखान्याला पुढच्या वर्षी तुमचं माप वाढेल याची फिकीर नसते, आपल्याला असते.

तेव्हा मशीन घ्यायचा विचार करताना पहिला प्रश्न किमतीचा नाही. तुम्ही सैल करता येणारे कपडे शिवता, की एकदाच बेतून संपणारे?

पायरी २: नावांचा घोळ मिटवा

व्हिडिओंमध्ये जी "सर्जर" ऐकू येते तीच ही ओव्हरलॉक. सर्जर हा अमेरिकेतला शब्द, आपल्याकडच्या दुकानात उच्चारला तर समोरचा दोन क्षण बघत राहतो. आमच्या इंदुरात गल्लीतल्या पिको-फॉलवाल्याला "भिया, इंटरलॉक कर दो" म्हटलं की तो मुकाट्यानं ओव्हरलॉक करून देतो. होजिअरीच्या कापडवाल्याकडे मात्र इंटरलॉक म्हणजे एका विणीचं कापड. आणि जोडटाका व कडा असं दोन्ही एकदम घालणारी पाच दोऱ्यांची मशीन, तिलाही कुणी कुणी इंटरलॉकच म्हणतं. म्हणून दुकानात नावावर जाऊ नका. "किती सुया, किती दोरे?" एवढं विचारा.

पिको आणखी वेगळी. साडीच्या पदराची ती बारीक गोल कडा झिगझॅग मशीनवर, काठ वळवत, दाट नागमोडी टाक्यानं करतात. ओव्हरलॉकवर रोल हेम नावाचं तसंच दिसणारं काम होतं, ओढणीला ते शोभतंही. पण फक्त पिकोसाठी ओव्हरलॉक घेणं म्हणजे पोह्यांसाठी इडलीपात्र आणणं.

पायरी ३: तुम्ही कोणतं कापड शिवता ते लिहून काढा

मनात नको, कागदावर. गेल्या सहा महिन्यांत काय काय शिवलं आणि कशाचं. मी लिहिलं तेव्हा कळलं, की मला जे शिवायचं आहे ते आणि मी जे शिवते ते यांत बरंच अंतर आहे. स्वप्नात टी-शर्ट आणि लेगिंग्ज, प्रत्यक्षात सुती कुर्ते, परकर, उशांचे अभ्रे.

सुती घट्ट विणीचं कापड, म्हणजे पॉपलीन, लठ्ठा, धार जिल्ह्यातल्या बागचं छापील सुती, यांचे दोरे निघतात पण जीव जाईल इतके नाही. त्यांना झिगझॅग पुरतो, घडी घालून मारलेली टीपही पुरते.

माहेश्वरीची गोष्ट वेगळी, आणि इथे आपल्याकडच्या बायका हमखास फसतात. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले, तेव्हापासून ते कापड आपल्या घरातलं. पण रेशमी उभा आणि सुती आडवा धागा अशी नाजूक वीण असली की कापलेल्या काठाला बोट लागलं तरी धागा सुटतो. तेव्हा वाटतं, हिला ओव्हरलॉकच हवी. खरं तर कडा बंद झाली तरी दुखणं तिथे नसतं. घट्ट ब्लाउजला ताण पडला की धागे टिपेच्या शेजारून सरकतात आणि शिवणीलगत जाळी पडते. ओव्हरलॉकनं कापडाचे दोन सूत, म्हणजे पाव इंच, पकडून ठेवले म्हणून ते सरकणं थांबत नाही. त्याला उपाय अस्तर, थोडं सैल माप आणि भरपूर माया. म्हणजे पुन्हा सुरीच्या उलट. मी एका माहेश्वरीच्या तुकड्याची माया हौसेनं छाटून चार दोऱ्यांची शिवण घातली होती. तो ब्लाउज दिवाळीत एकदा घातला, भाऊबीजेला काखेत फाटला.

चंदेरी पारदर्शक. आत जी जाळी घालाल ती बाहेरून पांढऱ्या सुरवंटासारखी दिसते. तिथे फ्रेंच शिवणच, म्हणजे कच्ची कड आत गाडणारी शिवण. ती कशी घालायची ते पायरी ४ मध्ये आहे.

रेयॉन, जॉर्जेट, क्रेप, साटीन या मंडळींचे दोरे मात्र अंत पाहतात. बेतून टेबलावर ठेवले तरी सकाळपर्यंत दोन सूत आत गेलेले असतात. असं कापड तुम्ही महिन्याला पाच-सहा वेळा शिवत असाल तर ओव्हरलॉकचं पारडं जड होतं. आणि होजिअरी, लायक्रा, ताणलं जाणारं काहीही असेल, तर पहिल्यापासूनच जड. ही मशीन जन्मली ती होजिअरीसारख्या विणलेल्या कपड्यांसाठी, आणि घरच्या साध्या मशीनला नीट जमत नाही ते काम हेच आहे. फ्लीसचे मात्र दोरे निघतच नाहीत. थंडीतल्या फ्लीसच्या जाकिटांना बायका फक्त रेडिमेडसारखं दिसावं म्हणून ओव्हरलॉक करून आणतात. हौस असेल तर करा, गरज नाही.

बाळाची झबली आणि दुपटी शिवायला ओव्हरलॉक हवी असं बऱ्याच जणी म्हणतात. जुन्या मऊ साडीचं झबलं असेल तर मी उलट सांगेन. पॉलिएस्टर दोऱ्याची ती जाळी नवजात कातडीला टोचू शकते. तिथे फ्रेंच शिवण घाला, नाहीतर शिवण बाहेरच्या अंगाला ठेवा. लूपरमध्ये घालायचा फुगीर, कापसासारखा नायलॉन दोरा मिळतो. तो मऊ असतो, पण मशीन घेण्याआधीच दोऱ्याच्या मागे कुठे धावता!

पायरी ४: मशीनशिवाय कडा बंद करून बघा

शिंप्यांच्या मापात इंचाचे आठ सूत. ते डोक्यात ठेवलं की फ्रेंच शिवण सोपी. कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावा, म्हणजे सुलट बाजू बाहेर. हे पहिल्यांदा करताना हात अडखळतो, सगळं चुकतंय असं वाटतं. दोन सूत सोडून टीप मारा. उरलेली कड एक सूत ठेवून कापा. आता उलटवा, शिवणीवर इस्त्री फिरवा, आणि तीन सूत सोडून दुसरी टीप मारा. कच्ची कड आत गाडली गेली. या शिवणीला एकूण पाच सूत माया जाते, ती बेततानाच धरा. सरळ बाजूंना ही शिवण देखणी होते. मुंढ्याच्या गोलाईत ती फुगते, तिथे उरेब, म्हणजे तिरपी कापलेली, पट्टी लावून कड झाका.

मशीनला झिगझॅग असेल तर टाका रुंद ठेवा. सुई एकदा कापडात आणि एकदा काठाच्या अगदी बाहेर पडली पाहिजे. पातळ कापड गोळा होत असेल तर कड कापायच्या आधीच झिगझॅग मारा आणि मग टाक्यालगत कात्रीनं कापा. कड बंद करण्याचं वेगळं पाऊल (सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग) मिळतं, त्यातल्या बारीक तारेवरून दोरा जातो म्हणून काठ दुमडत नाही. छोटीशी वस्तू आहे, पण माझी सहा महिन्यांची तक्रार एका दुपारी मिटली.

पायाच्या काळ्या मशीनला लावायचं एक नागमोडी टाक्याचं अटॅचमेंटही येतं. ते सुई हलवत नाही, कापडच डावी-उजवीकडे हलवतं. चालतं, पण मशीन अशी थरथरते की वरची कात्री खाली पडते. झिगझॅग कात्रीनं कापलेली कड दोरे सोडायचं थांबत नाही, हळू सोडते एवढंच. वर्षातून चारदा धुतल्या जाणाऱ्या कपड्याला ठीक.

आणि शेवटचा उपाय म्हणजे बाहेरून करून आणणं. त्याची खुबी अशी, की शिवून झालेला कपडा न्यायचा नाही. बेतून झालं, की शिवायच्या आधी सगळे सुटे तुकडे न्यायचे. प्रत्येकाच्या उलट बाजूला खडूनं फुली करायची. आणि काम करणाऱ्याला निक्षून सांगायचं, "काटना मत, सिर्फ़ किनार पकड़ना." नाहीतर तो सवयीनं सुरीला दोन सूत चारतो आणि घरी येऊन कुर्ता छातीत का दाटतो हे तुम्हाला कळत नाही. गळा आणि जिथे पट्टी लागणार ते काठ वगळायचे. सुट्या तुकड्यांची माया अशी सांभाळली जाते, कडाही बंद होतात, आणि नंतर घरी साध्या मशीनवर निवांत जोडता येतं.

पायरी ५: तीन महिन्यांची वही

बाहेर करून आणलेल्या प्रत्येक कपड्याची नोंद ठेवा. तारीख, कापड, किती दिले, आणि जाण्यायेण्यात किती वेळ गेला. तीन महिने. नवरात्र आणि लग्नसराई धरून केलेली नोंद फुगते, म्हणून साधे महिने निवडा.

मग भागाकार. आकडे तुमच्या गल्लीतले घाला, मी नमुना म्हणून घेते. समजा मशीन, दोऱ्याचे कोन, सुया मिळून २४,००० रुपये झाले. बाहेर एका कपड्याला ४० लागतात. घरी केलं तरी दोरा आणि वीज ५ रुपयांची, म्हणजे एका कपड्यामागे ३५ वाचले. २४,००० भागिले ३५, साधारण ६८६ कपडे. महिन्याला चार शिवत असाल तर चौदा वर्षं. महिन्याला तीस, म्हणजे शेजारपाजारचं शिवून देत असाल, तर दोन वर्षांच्या आत वसूल. तीच मशीन ८,००० ची असेल तर २२९ कपडे, आणि महिन्याला चारच्या गतीनं पावणेपाच वर्षं.

दोऱ्याचा खर्च कमी धरू नका. साधी टीप तिच्या लांबीच्या अडीचपट दोरा खाते. तीन दोऱ्यांची ओव्हरलॉक सुमारे चौदापट, चार दोऱ्यांची अठरापट. एका कुर्त्याच्या कडा सहा मीटर धरल्या तरी तीन दोऱ्यांत ८४ मीटर गेला. छोटी रिळं यात तग धरत नाहीत, कोनच हवेत, आणि तेही एका रंगाचे तीन-चार. प्रत्येक कपड्याला मिळता रंग घ्यायला गेलात तर कपाटात दोऱ्याचं दुकान होईल. पांढरा, काळा आणि राखी एवढ्यात माझं भागतं. सुईतला दोरा तेवढा कापडाचा घेते, कारण शिवण ताणली की बाहेरून तोच दिसतो.

पैशांत न बसणारंही काही असतं, ते नाकारत नाही. रात्री अकराला मुलीच्या गॅदरिंगचा झगा पुरा करायचा असताना गल्लीतलं दुकान बंद असतं. पण अशी रात्र वर्षातून किती वेळा येते, तेही वहीत लिहा.

पायरी ६: घ्यायचीच ठरली तर कोणती

बाजारात तीन कुळं दिसतील.

पहिली छोटी लोखंडी, एक सुई तीन दोरे, टेबलावर बसवून मोटरनं चालवायची. गल्लीतल्या पिकोवाल्याकडे बहुधा हीच असते. स्वस्त, दणकट, दुरुस्ती कुठेही. आवाज मोठा, तेल वेळेवर द्यावं लागतं, आणि पांढऱ्या कपड्यावर त्याचा डाग पडला की तुम्ही आणि तुमचं नशीब. नुसत्या सुती-रेयॉनच्या कडा बंद करायच्या असतील तर ही पुरे.

दुसरी घरगुती, प्लास्टिकच्या अंगाची, दोन सुया चार दोरे. हिचं खरं मोल तिच्या दुहेरी दात्यांत आहे. कापड सरकवणारे दाते पुढे आणि मागे असे दोन संच असतात आणि त्यांचा वेग वेगळा ठेवता येतो. याला डिफरन्शियल फीड म्हणतात. आकडा १ च्या वर नेला की पुढचे दाते जास्त कापड आत ढकलतात, त्यामुळे होजिअरी ताणली न जाता सपाट राहते. २ वर नेला तर पातळ कापडाला चुण्या पडतात. १ च्या खाली आणला की कापड ताणलं जातं, झिरझिरीत कापडाच्या सुरकुत्या जातात. होजिअरीसाठी मशीन घेत असाल आणि तिला ही सोय नसेल, तर घेऊ नका. टी-शर्टची बाजू पापडासारखी लाटा खाईल. वेग मिनिटाला १,३०० ते १,५०० टाक्यांच्या आसपास, घरच्या साध्या मशीनपेक्षा चांगलाच जास्त.

तिसरी कारखान्यातून उतरलेली जुनी. इंदूर रेडिमेड कपड्यांचं गाव आहे, परदेशीपुऱ्याकडे कारखानेही भरपूर, तेव्हा अशा मशिनी फिरत असतात आणि भाव ऐकून मोह होतो. ती दिवसभर चालायला बनलेली असते, यात वाद नाही. पण टेबलासकट येते, दोन माणसांना उचलत नाही, आणि जुन्या क्लच मोटरची असेल तर चालू केल्यापासून घूं-घूं करत राहते. सर्वो मोटर बसवली असेल तर आवाज कमी आणि वेग हाताशी. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ही नेण्याआधी खालच्यांशी तुमचे संबंध कसे आहेत ते आठवा.

आणि नवशिक्यांसाठी एक गोष्ट जी मी ओरडून सांगेन. ही दुसरी मशीन आहे. पहिली नाही. तिच्यावर चेन लागत नाही, काज होत नाही, कॉलरवर टीप पडत नाही. कापडाच्या मधोमध ती शिवूच शकत नाही, काठावरच चालते. तुमच्याकडे अजून झिगझॅगवाली चांगली मशीन नसेल तर पैसे आधी तिच्यावर घाला.

पायरी ७: दुकानात जाताना चिंध्यांची पिशवी न्या

माझ्या वहिनीनं माझ्या आधी मशीन घेतली. दुकानदारानं खळ दिलेल्या कडक सुती पट्टीवर चालवून दाखवली, टाका रेघेसारखा पडला. घरी आणून होजिअरीवर लावली तर नुसत्या लाटा. "घरी येऊन शिकवायला माणूस पाठवतो" म्हणालेला माणूस काही आला नाही. वहिनी त्या मशीनवर आता पायपुसणी करते. पायपुसणी सुरेख होतात.

कडक कापडावर कुठलीही मशीन चांगलीच चालते. म्हणून पिशवीत तुमची कापडं हवीत: जुन्या टी-शर्टचा तुकडा, जॉर्जेट किंवा रेयॉन, एक दुहेरी सुती आणि एक जीन्सचा. एकदम एकामागून एक चालवायला सांगा. होजिअरीची शिवण झाल्यावर ताणून सोडा, ती पुन्हा सपाट बसते का बघा. जॉर्जेटवर काठ गोळा होऊन नळी होते का बघा. जीन्सच्या दोन थरांवर सुरी कापते की चावते ते ऐकूनच कळतं.

मग सगळे दोरे काढायला लावा आणि तुमच्यासमोर पुन्हा ओवायला सांगा. नंतर तुम्ही ओवा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. घरी आल्यावर पहिलं भांडण याच्याशीच होणार आहे. खालच्या लूपरच्या वाटेवर रंगाच्या खुणा आहेत का, तिथे बोट पोचतं का, हे चष्मा लावूनच बघा.

सुया कोणत्या लागतात ते विचारा. काही घरगुती ओव्हरलॉकमध्ये साध्या मशीनच्याच सुया चालतात, काहींना वेगळ्या लागतात, कारखान्याच्या मशिनींच्या तर बहुधा वेगळ्याच. दोन पाकिटं तिथेच घ्या. सुऱ्यांची जोडी सुटी मिळते का तेही विचारा. दोन सुऱ्यांपैकी एक हलते, एक जागेवर असते, आणि झिजतात दोन्ही. दुरुस्ती शहरात होते, की मशीन खोक्यात भरून बाहेरगावी पाठवावी लागते, याचं उत्तर बिलावर किंवा वॉरंटीच्या कागदावर लेखी मागा.

पायरी ८: पहिले आठ दिवस

कुर्ता शिवू नका. जुनी चादर फाडा.

चारही दोरे चार रंगांचे घाला: वरचा लूपर लाल, खालचा निळा, सुया पिवळी आणि हिरवी. ओवण्याचा क्रम बहुतेक मशिनींत वरचा लूपर, खालचा लूपर, शेवटी सुया असा असतो. तुमच्या पुस्तिकेत असेल तो पाळा, आणि ओवताना पाऊल वर उचलून ठेवा म्हणजे दोरा ताणाच्या चकत्यांत नीट बसतो. क्रम चुकला तर दोन इंचांवर दोरा तुटतो आणि तुम्ही उगाच ताणाच्या चकत्या फिरवत बसता. माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली. चूक ओवण्यात होती.

आता रंग वाचा. लाल दोरा काठ ओलांडून खालच्या बाजूला ओढला जातोय, तर वरचा लूपर सैल आहे किंवा खालचा घट्ट. निळा वरच्या बाजूला डोकावतोय, तर उलटं. शिवण दोन्हीकडून ओढल्यावर शिडीसारखी उघडते आणि पिवळा-हिरवा दिसतो, तर सुईचा ताण वाढवा. काठाबाहेर फास लोंबतात, तर लूपर सैल आहेत. काठ आत वळून नळी होते, तर लूपर घट्ट आहेत किंवा टाका जास्त रुंद आहे. एका वेळी एकच चकती फिरवायची, तीही अर्धा आकडा, आणि तो तुकडा तारीख-आकडे लिहून वहीला टाचायचा. माझी ती वही आता घरातल्या स्वयंपाकाच्या वहीइतकीच कळकट झालीये.

दोऱ्याचा रंग बदलताना सगळं पुन्हा ओवायची गरज नाही. जुना दोरा कोनाजवळ कापा, नव्याला गाठ मारा, ताण शून्यावर आणून हळू चालवा, नवा दोरा ओढला जातो. सुईच्या भोकाशी मात्र गाठ अडते, तिथे ती कापून हातानं ओवा.

टाचण्या लावू नका. साध्या मशीनवर आपण टाचणीवरून बिनधास्त जातो, इथे सुरी टाचणीवर आली की सुरीला खाच पडते, आणि कधी तुकडा उडतो. कागदाच्या किंवा कपडे वाळत घालायच्या छोट्या चिमट्यांनी काम भागतं.

सुरी बहुतेक मशिनींत खाली पाडून बंद करता येते. ती कशी करायची हे पहिल्या दिवशीच शिका. कुर्त्याचे सुटे तुकडे बेतून आणले, की मी सुरी बंद करते, एकेक काठ नुसता पकडून घेते आणि मग काळ्या मशीनवर इंचभर माया ठेवून जोडते. टी-शर्ट असेल तेव्हाच सुरी चालू. छाटलेल्या चिंध्या आणि कापसाची धूळ मशीनच्या पोटात भराभर साठते, म्हणून दर दोन-तीन कपड्यांनी ब्रश फिरवायचा. चिंध्या फेकत नाही. उशी भरायला एका बरणीत साठवतेय, अजून अर्धी उशी झालीये.